डोंगरावरचं वाण

माधवगंजात गजक, म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत वडी, कुटायला सुरुवात झाली की थंडी आली, असं आम्ही समजतो. पंचांग काय म्हणतं ते पंचांगाला माहीत. पहाटे कोहऱ्यातून लाकडी मोगऱ्यांचा धप्-धप् आवाज यायला लागतो, त्यामागून भाजल्या तिळाचा वास येतो आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं, नाइलाजानं आल्यासारखा, सूर्य येतो. पुण्याच्या माझ्या बहिणीला ‘कोहरा’ हा शब्द ऐकला की हसू येतं. ती म्हणते, धुकं म्हण की. पण धुकं हे कवितेत असतं. ग्वाल्हेरच्या पौषात जे खाली उतरतं आणि हातातली काडेपेटीसुद्धा दमट करून सोडतं, तो कोहराच.

यंदाही तो आवाज आला आणि मी रजई पांघरून खिडकीशी बसले. यंदाची थंडी जरा निराळी आहे. भाद्रपदात हे गेले. आजारी होते, वय झालं होतं, गेले. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. पण काल सूनबाई स्वयंपाकघरात उगाचच डबे पुसत उभी होती. स्वच्छ डबे पुसणारी बाई काहीतरी बोलायचं टाळत असते, हे मला माझ्यावरून माहीत आहे.

“आई, रथसप्तमीला आपल्याकडे हळदीकुंकू असतं दरवर्षी... तर यंदा तुम्ही...”

“मी बाहेर बसू की आत, हेच ना?”

ती रडायलाच लागली. पोर गुणी आहे. मी म्हटलं, “बघू. रथसप्तमीला अजून अवकाश आहे.” आणि तेव्हापासून मला आमच्या बाई आठवताहेत. बाई आणि ते तांबे.

संस्थानी अंमलातली गोष्ट. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आम्ही राहायचो आणि तिथल्या मुलींच्या शाळेत आमचं एक कन्या सेवापथक होतं. नाव मोठं, मुली मूठभर. निळ्या काठाची पांढरी साडी, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी आणि अंगात नको तेवढा उत्साह, हा आमचा सरंजाम. थंडीत मेळा भरायचा तेव्हा आमची खरी चंगळ. आम्ही मेळ्यात पाणी वाटायचो, खरचटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या बांधायचो आणि हरवलेली पोरं सांभाळायचो. एकदा भिंडकडचं एक पोर सापडलं. माझी मैत्रीण कुसुम हिनं त्याला रडू नको म्हणून गजक भरवली. त्याचे आईबाप आले तेव्हा ते पोर कुसुमचा पदर सोडायला तयार होईना. त्याच्या बापानं आमच्याकडे असं काही पाहिलं, जणू आम्हीच ते पळवलं होतं.

पथक चालवायच्या त्या बाई. त्यांचं नाव गोदावरी, पण ते कुणी घेत नसे. शाळेत त्या नुसत्या बाई आणि गल्लीत ‘शाळेतल्या बाई’. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच त्यांचं कुंकू गेलेलं. मग भावानं शिकवलं आणि नोकरी लागल्यावर त्या लष्करात एका खोलीत एकट्या राहू लागल्या. फिक्या रंगाची नऊवारी, मोकळं कपाळ आणि चाल अशी की मागून येणाऱ्या मुलींना पळावं लागे. विहिरीच्या रहाटाचा दोर सोडवून त्यावर त्यांनी आम्हाला गाठी शिकवल्या. कुठली गाठ ओढली की घट्ट होते, कुठली एका झटक्यात सुटते, हे मला आजही हातानं माहीत आहे. वाण्याच्या पुडीची गाठ मी अजून दातानं सोडवत नाही.

तर त्या वर्षी थंडीच्या तोंडाशीच कुठल्याशा कचेरीतून हुकूम आला. ज्या पथकाचा वर्षातून एकदा उघड्यावर मुक्काम होणार नाही, ते पथक म्हणून धरलं जाणार नाही. मुलांच्या पथकाला याची काय फिकर! ती मुलं दरवर्षी छोट्या रेल्वेत बसून शिवपुरीच्या जंगलाकडे जात, तंबू ठोकत आणि परत आल्यावर न पाहिलेल्या वाघाच्या गोष्टी सांगत. त्यांच्या खर्चाची सोय वरून होई. बाईंनी आमच्यासाठी तशीच मागणी केली, तर उत्तर आलं की मुलींच्या मुक्कामासाठी तरतूद नाही. म्हणजे मुक्काम केला नाही तर पथक बंद आणि मुक्कामाला मदत मागितली तर ती मिळणार नाही. पथक बंद झालं की आमची रवानगी शिवणाच्या वर्गात व्हायची होती.

बाईंनी हे आम्हाला शाळेच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. पण सांगून झाल्यावर त्या शिट्टीच्या दोरीला गाठी मारत आणि सोडवत राहिल्या. बाईंना पगार होता, खोली होती, पुस्तकं होती. पण माणूस सकाळी ज्याच्यासाठी अंथरुणातून उठतं, ते त्यांच्यापुरतं हे पथक होतं. हे तेरा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. मी घरी येऊन भोकाड पसरलं.

आमचे वडील कारकून. ते म्हणाले, “पाहू, पुन्हा एक अर्ज करू.” आणि जेवून कचेरीत गेले. आई शेगडीपाशी तीळ निवडत बसली होती. तिनं तिळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “अर्ज करून कोणाचं भलं झालंय आजपर्यंत? नले, इकडे बस. मला एक सांग, साखर आणायची तर मी कोणाला विचारते?”

“बाबांना.”

“आणि तुला नवीन झंपर शिवायचा तर?”

“बाबांना.”

“आणि संक्रांतीचं वाण?”

मी विचार करू लागले. वाणाबद्दल आईनं बाबांना कधीच विचारलं नव्हतं. कोणाचीच आई विचारत नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींकडे जायच्या, हळदकुंकू लावून घ्यायच्या आणि वाण लुटायच्या. कुणी फणी द्यायचं, कुणी डबी, कुणी खणाचा तुकडा. त्या वस्तू कुठून आल्या, कितीला आल्या, हे विचारायची घरातल्या कुठल्याही पुरुषाची छाती नव्हती. तो धर्म होता.

“बस,” आई म्हणाली. “यंदा फण्या-डब्या वाटणं बिलकुल बंद. प्रत्येक घरानं एकच वस्तू, दणकट, पथकासाठी. बायकांना तिळगूळ देऊ, आणि ती वस्तू तुम्हा पोरींच्या ओटीत. कुमारिकेला वाण चालतं. कोणाची परवानगी लागायचा सवालच नाही.”

मला माझी आई तोवर फक्त स्वयंपाकाची वाटत होती.

पुढचे काही दिवस आई भाजी आणायच्या निमित्तानं घरोघरी फिरली. पण एक अडचण होती, आणि ती आमच्या लोकांच्याच डोक्यात येईल अशी होती. वाण मागून घ्यायचं नसतं. ‘मला कढई दे’ म्हटलं की ते वाण राहिलं नाही, ती भीक झाली. शिवाय आपण काय लुटणार ते बायका हळदीकुंकवाच्या दिवसापर्यंत जिवापलीकडे लपवून ठेवत. सख्ख्या जावेला पत्ता लागू देत नसत. म्हणून आईनं एवढंच सांगितलं, “मुली जंगलात मुक्कामाला जाताहेत. तिथे जे लागेल ते द्या.” बाईंनाही तेच योग्य वाटलं. त्यांना हव्या होत्या रजया, सतरंज्या, एखादा कंदील आणि डोक्यावर काहीतरी छप्पर. एवढं कुणाच्याही लक्षात येईल, असं त्या म्हणाल्या.

पहिलं हळदीकुंकू कुसुमच्या काकूकडे झालं. कुसुमच्या ओटीत काकूंनी एक पितळी तांब्या घातला. छान, भारी, काठाला नक्षी असलेला. आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत गेलो. तांब्या. तिसऱ्या घरी काहीतरी कापडात गुंडाळलेलं निघालं, मला वाटलं कंदील असेल. तोही तांब्याच. मग मात्र आम्ही एकमेकींकडे पाहायचं टाळायला लागलो, कारण पाहिलं की हसू फुटत होतं, आणि हळदीकुंकवात फिदीफिदी हसणाऱ्या मुलींची आमच्यात सोय नव्हती. सरदारांच्या नात्यातली एक बाई होती, मोठ्या घरची. आम्हाला आशा होती की तिथे तरी रजई मिळेल. तिनं चांदीचं पाणी दिलेला तांब्या दिला.

आता हे असं का झालं ते मी सांगते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. मुली रानात मुक्कामाला जाणार म्हटल्यावर लष्करातल्या एकूणएक आईच्या मनात एकच काळजी आली. सकाळी पोरी झाडामागे जाणार कशा? ही काळजी उघड बोलून दाखवणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येकीनं मनातल्या मनात तोडगा काढला, गुपचूप कासाराकडे गेली आणि तांब्या घेऊन आली. कासारालाही त्या वर्षी काही उमगलं नसेल. वर आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय द्यायची पद्धत नाही. त्यामुळे प्रत्येक तांब्यावर ‘सौ.’ अमुक, संक्रांत, असं ठसठशीत कोरलेलं.

बाईंच्या खोलीत कोपऱ्यात तांब्यांचा ढीग झाला. जमिनीवर, फळीवर, खिडकीत, जिकडेतिकडे तांबे. आम्ही दाराशी अपराध्यासारख्या उभ्या होतो. बाईंनी एक तांब्या उचलला, फिरवून पाहिला, ठेवला, दुसरा उचलला. मग त्या खाली बसल्या आणि हसायला लागल्या. मी बाईंना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून, श्वास लागेपर्यंत हसल्या. “अगं, एका टेकडीवर एवढ्या मुली आणि एवढे तांबे,” त्या म्हणाल्या, “लोकांना वाटेल महामारी आली.”

हसून झाल्यावर मात्र आम्ही हिशेब मांडला. रजई एकही नव्हती. रथसप्तमी जवळ येत होती आणि त्यानंतर हुकुमात घालून दिलेली मुक्कामाची मुदत संपत होती. तांबे विकावेत तर वाण विकतात का कुणी? आणि विकले तरी दुसऱ्याच्या सौभाग्यवतीचं नाव असलेला तांब्या घेणार कोण?

वाट सापडली ती अशी. वसंतपंचमी तोंडावर होती. त्या दिवशी आमच्या ग्वाल्हेरात इतकी लग्नं असतात की वाजंत्रीवाला वरातीतून वरातीत पळत असतो. आमच्या गल्लीच्या टोकाला रामदीन शामियानेवाला राहायचा. तंबू, सतरंज्या, रजया, पंगतीची भांडी, सगळं भाड्यानं द्यायचा. त्याची बायको आईशी बोलत होती, तिचं रडगाणं चाललं होतं की बराती लोक जेवून जाताना लोटे घेऊन जातात, गेल्या मोसमात निम्मे लोटे गेले. आई ऐकता ऐकता थबकली. हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन ती बाईंकडे गेली, आणि संध्याकाळी बाई, आई, कुसुम आणि मी रामदीनच्या दारात उभ्या होतो. कुसुमच्या हातात नमुन्याचा तांब्या.

रामदीननं तो उजेडात धरला. “बाईसाब, इसपे तो नाम खुदा है।”

“हो,” बाई जरा ओशाळून म्हणाल्या. “सब पे है।”

“सब पे?” रामदीनचा चेहरा उजळला. “फिर तो कोई माई का लाल नहीं ले जाएगा! किसी और की घरवाली का नाम लेके अपने घर में कौन घुसेगा?”

झालं. लग्नसराईभर तांबे रामदीनकडे आणि त्याबदल्यात पंचमीची लग्नं उरकली की एक तंबू, सतरंज्या आणि रजया आमच्याकडे. वर त्यानं बैलगाडीही देऊ केली, कारण तंबू काही आम्ही डोक्यावरून नेणार नव्हतो. ज्या नावांमुळे ते तांबे कुणाला नको होते, त्या नावांनीच आम्हाला डोंगरावर पोचवलं. परत येताना कुसुम म्हणाली, “बाई, मतलब आता आपल्या सगळ्यांच्या आया बरातीत जाणार!” बाईंनी तिला दटावलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला माजघरात बोलावलं आणि कापडात बांधलेलं काहीतरी हातात दिलं. बाहेरूनच कळलं, तांब्या.

“आणखी एक?” मी म्हटलं.

“हा पथकाचा नाही. बाईंचा आहे. त्यांना वाण म्हणून दे.”

मी आईकडे पाहतच राहिले. बाईंना वाण? बाईंना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं. ज्यांच्या मुलींसाठी एवढा खटाटोप चालला होता, त्या बायकांच्या एकाही घरी त्या महिन्यात बाईंनी पाऊल टाकलं नव्हतं. टाकता येत नव्हतं.

“मला त्यांना घरी बोलावता नाही येत, नले,” आई म्हणाली. “घरात तुझी आजी आहे. डोंगरावर तुझी आजी नाही.”

मी गाठ सोडून पाहिलं. कासारानं विचारलं होतं म्हणे, नावापुढे काय घालू, सौ. की गं. भा.? आईनं सांगितलं, काही नको. तांब्यावर नुसतं कोरलं होतं, ‘गोदावरी’.

तिघऱ्याच्या तळ्यापलीकडे एक टेकडी होती, फार उंच नव्हे, पण आम्हाला तेव्हा ती हिमालयच. गाडीमागून चालत गेलो. पायाला फोड आले, त्यांना पट्ट्या बांधायला आम्ही स्वतःच होतो. तंबूला दोर बाईंच्या गाठींनी बांधले आणि तो पडला नाही. मुगाची खिचडी करपली, तीही खाल्ली. थंडी अशी की रजईबाहेर नाक काढलं तर ते आपलं राहील की नाही, शंका. तळ्यावर पाणकोंबड्या ओरडत होत्या आणि आमच्यातली एक मुलगी झोपेत शिट्टी वाजवत होती. मी त्यानंतर बरंच जग पाहिलं. चार धाम केले, मुलाकडे मुंबईला राहिले, समुद्र पाहिला. पण ‘मी इथे आहे आणि मला कुठेही जायचं नाही’ असं जे त्या टेकडीवर वाटलं, ते पुन्हा फार थोड्या वेळा वाटलं.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. अंगणात गोवऱ्या पेटवून, सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालायचं, ही घरोघरची रीत. आमचं अंगण त्या दिवशी सगळी टेकडी होती. मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं आणि सगळ्या जणी पूर्वेकडे पाहत बसलो. खाली तळं नव्हतंच, नुसता कोहरा होता. मग तो हळूहळू गुलाबी झाला, सूर्याची कड वर आली, आणि त्याच वेळी दूध फसफसून बोळक्याबाहेर आलं. कुणी आनंदानं शिट्टी फुंकली.

मी उठून बाईंसमोर गेले आणि तांब्या पुढे केला. पाठ केलेलं सगळं विसरले. “बाई, वाण. आईनं दिलंय.”

बाई मागे सरल्या. “मला नाही चालत गं. तुला मालूम आहे ना.”

मी रडकुंडीला आले. कुसुम जागेवरूनच म्हणाली, “घ्या ना बाई. इथे कोण बघतंय? एक सूर्य बघतोय, आणि त्यानं दूध तर उतू घातलं.”

बाईंनी तांब्या घेतला. त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांना नाव लागलं. त्या ते वाचत राहिल्या. कितीतरी वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नसावी. “गोदावरी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, जणू कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. मग त्यांनी पदर पसरला, तांब्या ओटीत घेतला आणि म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, पोचलं.”

पथक राहिलं. पुढे कितीतरी वर्षं राहिलं. लग्नसराई संपल्यावर तांबे परत आले, एकही कमी नव्हता, आणि पुढच्या मेळ्यात त्याच तांब्यांनी आम्ही पाणी पाजलं. दरवर्षी थंडीत रामदीनचा तंबू आणि पथकाचे तांबे असा करारच झाला. बाईंच्या नंतर पथक कुसुमनं चालवलं. माझी नात आता शाळेबरोबर हिमालयात जाते, पायात जाड बूट घालून. ती विचारते, आजी, तुमच्या वेळी खर्च कोण द्यायचं? मी सांगते, आमच्या आया, आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

इथवर लिहून मी वही मिटून ठेवली होती. काल रथसप्तमी झाली. आत बसायचं की बाहेर, ते दुपारपर्यंत माझं ठरत नव्हतं. खोटं कशाला बोलू, दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. शेवटी बाहेर आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. बायका आल्या. मला पाहून त्यांचं बोलणं जरा अडखळलं. सूनबाई कुंकवाची कोयरी हातात घेऊन मधोमध उभी, सुरुवात कुठून करावी हे तिला कळेना.

तेवढ्यात बाहेर सवाऱ्यांचा टेम्पो थांबला आणि कुसुम उतरली. गुडघे गेलेत तिचे, पायरी चढायला वेळ लागतो. कुणाकडे न पाहता ती थेट माझ्यापाशी आली, पिशवीतून काहीतरी काढलं आणि माझ्या ओटीत घातलं. बाहेरूनच कळलं.

“हे काय गं?”

“वाण. जंगलात लागतं ते.”

मी कापड सोडलं. नवाकोरा तांब्या. त्यावर पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसतं कोरलेलं, ‘नलिनी’. मी अंगठा फिरवून पाहिला. मग सुनेकडे हात पुढे केला.

“कोयरी इकडे दे,” मी म्हटलं. “मी लावते. बायका कधीच्या ताटकळल्यात.”